वेळ असेल तर बाकीचं

वर्गाच्या बाईंनी मिरीची वही तिच्या आईपुढे सरकवली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. निबंधाचा विषय होता 'हरवलेली वस्तू', आणि खाली मिरीचं उजवीकडे कललेलं अक्षर: 'शेवटी छत्री सापडली. बसच्या मागच्या सीटखाली होती. वेळ असेल तर बाकीचं सांगते.' त्यानंतर पानभर बाकीचं होतं: छत्री कोणाची, कशी हरवली, कोणी कोणावर ढकललं. बाईंनी पान उलटलं. 'शेवटी आमचा तिसरा नंबर आला. वेळ असेल तर बाकीचं सांगते.' आणखी एक पान. 'शेवटी पाहुणे गेले आणि कप फक्त एकच फुटला. वेळ असेल तर.' इथे पोरीने कंटाळून वाक्यही पुरं केलं नव्हतं. "मुलगी हुशार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या, "पण प्रत्येक गोष्ट शेपटीकडून धरते. मी विचारलं, असं का गं? तर म्हणते, सुरुवातीपासून सांगायला घेतलं आणि ऐकणारं माणूस मधेच झोपलं तर? मी म्हटलं, माझ्या वर्गात कोण झोपतं? तर सगळा वर्ग हसला. आता हा उद्धटपणा की काय, ते तुम्हीच सांगा." ती चौथीच्या मुलांच्या बाकावर बसली होती, गुडघे हनुवटीशी आलेले. बाईंचं बोट अजून त्या ओळीवर होतं. नखावर खडूची पांढरी भुकटी होती. बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. तिला मात्र पहिल्या ओळीतच कळलं होतं. "उद्धटपणा नाही तो," ती म्हणाली. "मी बघते. बोलते तिच्याशी." बाईंनी वही मिटली. बाहेर कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते. ती बाकातून उठताना गुडघा आपटला, आणि दुखलं तेव्हा तिला बरंच वाटलं, कारण डोळ्यांत आलेल्या पाण्याला एक निमित्त मिळालं.

रस्त्यावर आली तेव्हा दोन वाजून गेले होते. दुकानात परतायचं होतं, मालकाकडून तासाभराचीच सवड घेतली होती, पण पाय उचलत नव्हते. उन्हात झाडांच्या सावल्या आखूड पडल्या होत्या आणि एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. अकरा दिवसांपूर्वीपर्यंत ही वेळ तिच्या मालकीची नव्हती. दुपारी दोन ते पाच हा प्रदेश तिने गेली बावीस वर्षं पाण्याखालून पाहिल्यासारखा पाहिला होता: आवाज येत पण अर्थ येत नसे, माणसं ओठ हलवत, ती 'हं' म्हणे. आता जागं ठेवणारी गोळी होती. सकाळी एक, जेवणाआधी अर्धी. आणि शिडीवरचा माणूस स्पष्ट दिसत होता, त्याच्या कोपराला लागलेला निळा रंगसुद्धा. पण त्या स्पष्ट उजेडात आज पहिल्यांदा जे दिसलं ते हे होतं. घरात सगळेच तिच्याशी असं बोलत. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला की दारातूनच म्हणे, "तिघंही सुखरूप बाहेर काढले," आणि मग बूट काढता काढता, कोण तिघं, कोणत्या मजल्यांच्या मधे अडकले होते, ते. धाकट्या बहिणीने फोनवर पहिलं वाक्य टाकलं होतं, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहोत, आता झोपलीस तरी चालेल." अण्णा, तिचे वडील, गेले तेव्हाही तसंच. तीन दिवस ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी खुर्चीवर होती, म्हणजे खुर्ची होती आणि खुर्चीत ती होती. आणि भावाने खांद्याला हात लावून सांगितलं, अण्णा गेले. मधल्या तीन दिवसांत अण्णा काय बोलले, कोणाकडे बघून हसले, तिचं नाव काढलं की नाही, हे तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. तिच्याजवळ सगळ्यांचे शेवट होते. मधलं कोणाचंच नव्हतं. आणि हे सगळं तिला कुणी मुद्दाम केलेलं वाटलं नाही. लोक आजाऱ्याला मऊ भात देतात, तसे तिला शेवट देत आले होते. पण मिरी नऊ वर्षांची होती. तिने हे कधी शिकून घेतलं, कोणी शिकवलं? 'वेळ असेल तर.' ते 'तर' तिला चालता चालता टोचत राहिलं.

ती रफू करायची. कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, स्टँडला लावलेल्या भिंगाखाली. कसरीने खाल्लेल्या शाली, सिगरेटने जळलेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या पँटी. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून, एकेक धागा काढायचा आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचं, असं की ज्याचा कपडा त्याने स्वतः शोधलं तरी जागा सापडू नये. मसुरीएवढ्या भोकाला दोन तास लागतात. या कामाला डोळा लागतो, आणि तिचा डोळा दुसऱ्याच अर्थाने लागायचा. गंमत अशी की ती झोपली तरी हात झोपत नसत. सुई चालतच राही. चार ओळी सरळ, पाचवी जराशी तिरकी, आणि मग दारुड्यासारखी कपड्यावर कुठेही. एकदा तर गिऱ्हाईक आलं म्हणून ती दचकून उठली आणि कोटही तिच्याबरोबर उठला. त्याचा खिसा तिने स्वतःच्या बाहीला शिवून टाकला होता, आणि रफू इतकं सुरेख की उसवायला तासभर गेला. शेजारच्या टेबलावरचे मास्तर, म्हणजे मापाची कामं करणारे म्हातारे शिंपी, तो तासभर एक अक्षर बोलले नाहीत, फक्त उसवत राहिले, आणि मालक डोकावला तेव्हा म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगा, कापड नाजूक आहे, घाई करू नका." मास्तरांच्या बोटात सुई टोचू नये म्हणून पितळेचं टोपण असायचं. तिची मान कलली की ते टेबलावर तीनदा वाजवत. टक टक टक. दहा वर्षं हे चाललं होतं, आणि दहा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की बाई गं, तुला होतं तरी काय. आज ती आली, जागेवर बसली, राखाडी कोटाचं भोक भिंगाखाली घेतलं. साडेतीन वाजले आणि टक टक टक. तिने मान वर केली. ती लख्ख जागी होती, मास्तर तिच्याकडे बघतही नव्हते, त्यांचा हात आपला आपण वाजला होता. "जागी आहे, मास्तर." मास्तर ओशाळले. "सवय गं पोरी. तुझी गेली, माझी राहिली." मग थोड्या वेळाने, कापडावरची नजर न उचलता, "काय म्हणाल्या शाळेत?" तिने सांगायला तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य जे बाहेर पडलं ते, "शेवटी काही नाही, बघते म्हटलं मी." आणि ती थांबली. म्हणजे तीही. तीही तसंच बोलत होती. मास्तर वाट बघत होते. ते माणूसच असं होतं, वाट बघायला बसलं की घाई नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, शाळेच्या फाटकापासून, बाकापासून, खडूच्या भुकटीपासून. बोलत असताना हाताखाली चार ओळी पुऱ्या झाल्या, पाचवीही सरळ गेली. सगळं ऐकून मास्तर म्हणाले, "म्हणजे पोरगी तुझ्यासाठी आतल्या शिवणीतले धागे काढत आली इतकी वर्षं." आणि टोपण घातलेलं बोट त्यांनी नाकाच्या शेंड्याला लावून खाजवलं.

बावीस वर्षं म्हणजे पंधराव्या वर्षापासून. भूगोलाच्या परीक्षेत तिने पहिला प्रश्न सोडवला, दुसरा सोडवला, आणि तिसऱ्या उत्तराची ओळ नदीसारखी पानाच्या कडेला वाहत जाऊन बाकावर उतरली. भावंडांनी नाव ठेवलं पेंगी. आईने लोह दिलं, दुधात हळद दिली, पहाटे गार पाणी तोंडावर मारलं. अण्णा मात्र चिडत. "झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्या वाक्याला उत्तर नसतं, कारण उत्तर द्यायला गेलं की तेही सोंगच ठरतं. पुढे पुढे तिलाही ते खरं वाटायला लागलं. आपण आळशी आहोत, आपल्यात जिद्द नाही, बाकीची माणसं दात-ओठ खाऊन जागी राहतात आणि आपण राहत नाही, एवढाच काय तो फरक. नवऱ्याने कुठेतरी वाचलं म्हणून, आणि तिने आता भांडून काय उपयोग म्हणून, ती झोपेच्या तपासणीला गेली. रात्रभर डोक्याला तारा लावून निजवलं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन सांगितलं, पडा आणि झोपा. पाच वेळा. निरोगी माणसाला अशी दिवसा झोप लागायला वेळ लागतो, काहींना तर लागतच नाही. ती प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या आत गेली, आणि जाताच स्वप्नात. नवरा म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा पहिली आलीस बघ." डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलताना पेनाचं टोपण उघडबंद करत. त्यांनी नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. म्हणाल्या, मेंदूत जागेपण धरून ठेवणारं एक रसायन असतं, ते तुमच्यात जवळजवळ उरलेलं नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. "दार आहे, पण ते उघडं धरायला कडी नाही असं समजा. वाऱ्याने कधीही लागतं. या गोळीने कडी परत येत नाही, पण दाराला खालून एक टेकू बसतो. बऱ्याच जणांचा दिवस त्यावर निघतो. आजार जात नाही, दिवस मात्र येतो हातात." मग सूचना: डोकं दुखेल, भूक कमी होईल, रक्तदाब बघत राहू, दुपारी ठरवून पंधरा मिनिटं झोपायचंच, गोळी आहे म्हणून शहाणपणा करायचा नाही. ती हे सगळं ऐकत होती, पण तिच्या मनात दोनच शब्द अडकून बसले होते. दोष नाही. अण्णा असते तर त्यांना हा कागद दाखवला असता. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचला असता, आणि काही न बोलता बाजारात जाऊन तिच्यासाठी काहीतरी घेऊन आले असते. तसेच होते ते. घरी येऊन ती रडली. नवऱ्याला वाटलं, आजार निघाला म्हणून रडते. तिने त्याला सांगितलंच नाही की सोंग नव्हतं म्हणून रडते आहे.

गोळीच्या पहिल्या दिवशी काही झालं नाही, नुसतं डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला खिडकीच्या काचेवर एक माशी चालताना दिसली आणि ती माशी या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचेस्तोवर ती बघत होती, मधे काही गळलं नाही. एवढंच. सगळंच सोपं झालं असं नाही. आठव्या दिवशी कामाच्या नादात ठरलेली डुलकी चुकवली तर गोळीला न जुमानता झोप येऊन बसलीच, घरची पाहुणी असल्यासारखी. आणि हसण्याचं काय, ते तर राहिलंच होतं. हसणं हा तिच्या आजाराचा दुसरा खोडसाळ भाऊ. जोरात हसू आलं की अंगातलं बळ कोणीतरी बूच काढल्यासारखं निघून जाई: गुडघे, मग मान, मग जबडा, पापण्या. शुद्ध असे, ऐकू सगळं येई, पण बोटही हलत नसे. लग्नाच्या आधी जिन्यावर नवऱ्याने कसलासा विनोद केला आणि ती पायरीवर घसरून बसली, तर हा लोकांना सांगत सुटला, माझ्या विनोदाने बायका जागच्या जागी गार पडतात. पुढे मिरीला कडेवर घेतलेलं असताना एकदा तसं झालं. मिरीला लागलं नाही, खाली गादी होती. पण त्या दिवसापासून घरात विनोद औषधाच्या बाटल्यांसारखे वरच्या फळीवर गेले. नवरा मूळचा थट्टेखोर, तो ओठांवर आलेलं गिळायला शिकला. तिने स्वतःला असं बसवलं की हसू यायच्या आधीच ती घरातली भांडी मोजू लागे. बाहेरचे म्हणत, किती गंभीर कुटुंब आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या गोळीचा जोर झोपेवर, हसून पडण्यावर नाही. त्याला वेगळं औषध आहे, आधी हे अंगाला बसू दे, महिन्याने ते बघू. म्हणजे जागी राहायचं आता जमत होतं, हसायचं अजून नव्हतं. चालेल, तिने मनाशी म्हटलं होतं. एका वेळी एकच उसवण.

शाळेतल्या भेटीच्या त्या संध्याकाळी मिरी कणकेच्या परातीशेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होती. आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "छत्रीची गोष्ट मला सांग ना. सुरुवातीपासून." मिरीने टोकाकडे बघत सांगितलं, "सापडली ती." "ते कळलं. आधीचं सांग." "कशाला? तुला झोप येईल." हे तिने इतक्या समजूतदारपणे म्हटलं की ते ऐकून आईचे कणकेतले हात थांबले. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "आता नाही येत. मी गोळी घेते ना." "पण तू आधीपण म्हणायचीस, नाही येत, सांग. आणि 'हं' म्हणायचीस." मिरी जरा खालच्या आवाजात, गुन्हा कबूल करावा तसं, म्हणाली, "तुझं 'हं' खोटं असतं. झोपेतपण म्हणतेस तू. मी तपासते." "कसं?" "मधेच काहीतरी खोटं घालते. एकदा मी सांगितलं, मग मी शाळा पेटवली. तू म्हणालीस, हं. मग मी सांगितलं, मग पोलीस आले आणि मला घेऊन गेले. तू म्हणालीस, हं, छान." पेन्सिलीचं साल लांब निघालं होतं, ते तिने नीट परातीपासून दूर ठेवलं. "मग मी तुझ्या हातातली सुई काढून घेते, उशी देते आणि जाते." सुई दर वेळी टाचणगादीत खोचलेली सापडे, हे आईला आठवलं. आपणच खोचून झोपतो, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. मग मिरीनेच विचारलं, "आणि हसून पडतेस तेव्हा? तेव्हापण झोपतेस?" "नाही. तेव्हा मी आत जागी असते. सगळं ऐकू येतं मला." "मग बोलत का नाहीस?" "बोलायला येत नाही. तोंड ऐकत नाही माझं. थोड्या वेळाने येतं." "सगळं ऐकू येतं?" "सगळं." मिरीने यावर विचार केला. "बघायला दोन्ही सारखंच दिसतं," ती म्हणाली आणि दप्तर भरायला निघून गेली. छत्रीची गोष्ट राहिली ती राहिलीच. रात्री नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येईल विश्वास. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये लोक दुरुस्तीनंतरही आठवडाभर चढत नाहीत, जिन्याने जातात." पण तिला ठाऊक होतं, मूल नऊ वर्षांचं फार दिवस राहत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी ते गोष्टी दुसऱ्या कोणालातरी सांगायला लागतं, आणि मग आईला खरोखरच फक्त शेवट कळतात. ते दार बंद व्हायच्या आत तिला एक गोष्ट, एकच का होईना, पहिल्या शब्दापासून हवी होती.

ती मागे लागली नाही. आर्जवं करून मिळालेली गोष्ट ही गोष्ट नव्हे. ती फक्त हजर राहायला लागली. मिरी आली की हातातलं काम घेऊन तिच्या आसपास बसे, मिरी जे शेवट देई ते घेई, आणि एक प्रश्न विचारी, फार नाही. "कोणती बस होती?" "कप कोणाच्या हातून फुटला?" कधी उत्तर मिळे, कधी खांदे उडवून मिळत नसे. रविवारी नवऱ्याला तातडीच्या दुरुस्तीवर जावं लागलं. एक वाजता तिने घड्याळ लावून पंधरा मिनिटांची डुलकी काढली, कर्ज फेडावं तशी प्रामाणिकपणे, आणि उठून खिडकीशी बसली. मांडीवर मिरीचा शाळेचा झगा, दाराच्या कडीत अडकून फाटलेला. साडेतीन वाजले होते. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. मिरी खाली फरशीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती, पाय हवेत हलवत. "तो खेळाचं सामान ठेवायच्या कपाटात अडकून फाटला," मिरी म्हणाली. झग्याबद्दल. "दाराच्या कडीत म्हणालीस ना?" "कपाटाचं दार." निळा खडू खाली, हिरवा वर. आणि मग, मान वर न करता, "आमच्या शाळेत एक कपाट आहे. त्याची किल्ली हरवलीय." तिची सुई जागच्या जागी थांबली आणि तिने ती मुद्दाम पुन्हा चालू केली, कारण फार लक्ष आहे असं दिसलं तर चिमणी उडून जाते. हे वाक्य शेवट नव्हता. तिने दहादा उलटसुलट करून पाहिलं, नव्हता. "हं," ती म्हणाली, आणि जीभ चावली, कारण त्या 'हं'ची किंमत तिला आता कळली होती. मिरी सांगत होती. किल्ली हरवून तीन दिवस झाले होते, शिपाईकाकांनी जुडगाच्या जुडगा लावून पाहिला. मग मंगळवारी मधल्या सुट्टीत ती आणि तिची मैत्रीण तिथे बसून खात होत्या, आणि कपाटातून आवाज आला. खर्र. मग गप्प. मग पुन्हा खर्र. मैत्रीण म्हणाली, उंदीर. मिरीने कान लावला. उंदराला एवढा दम नसतो. मुलं जमली, कोणी म्हणालं भूत, एक मुलगा रडला. बाई आल्या, त्यांनीही कान लावला, त्यांचाही चेहरा असा झाला. मिरी आता उठून बसली होती आणि बाईंचा चेहरा करून दाखवत होती. तिच्या आईला स्वतःच्या आत एक चमत्कारिक ओढ जाणवली, दोरी हातात असल्यासारखी. बऱ्याच वर्षांत न भेटलेलं कोणीतरी. मग लक्षात आलं, ही उत्सुकता. कपाटात काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं! "मग बाईंनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं," मिरी म्हणाली. आवाजात काहीही बदल न करता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे बघत, ती पुढे म्हणाली, "आणि मग बाईंनी एक हत्ती खाल्ला."

"सोंडेसकट?" आईने विचारलं. मिरीचं तोंड उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं, भुवया जवळ घेतल्या, आणि बाईंच्याच गंभीर आवाजात म्हणाली, "नाही. सोंड डब्यात घालून घरी नेली." आईने भांडी मोजायला घेतली, पातेलं, कढई, झारा, पण खडूची भुकटी लागलेलं ते बोट डब्याचं झाकण लावताना तिच्या डोळ्यांपुढे आलं, आत सोंड मावेना, आणि हसू पोटातून असं वर आलं की वरच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या एकदम खाली. गुडघ्यावरचा हात सुटला. मान छातीवर आली, जबडा सैल पडला, पापण्या उतरल्या. ती खिडकीच्या कडेला कलंडली आणि तिथेच राहिली. आत मात्र लख्ख उजेड होता. आत ती हसत होती, आणि हसता हसताच घाबरली. कारण बाहेरून हे दोन्ही सारखंच दिसतं. पोरगी समजणार, गेली. नेमकी आत्ता. मी इथे आहे, मी इथे आहे, असं ती म्हणत होती आणि ओठ मेणाचे होते. मिरीची पावलं जवळ आली. बोटांतून सुई कोणीतरी हळूच काढून घेतली. मग पावलं लांब गेली, आतल्या खोलीत, आणि परत आली. डोक्याखाली उशी आली. नेहमीचंच. सुई, उशी, आणि आता दार. ती दाराच्या आवाजाची वाट बघत राहिली, इतकी एकाग्र होऊन तिने जागेपणी कधी कशाची वाट पाहिली नव्हती. समोरच्या इमारतीतली गादी धप्प वाजली. मिरीचा श्वास अगदी गालाजवळ लागत होता. ती निरखून बघत असावी, भिंगाखाली धरल्यासारखी. मग फरशीवर कोणीतरी मांडी घालून बसल्याचा आवाज आला.

"हत्ती खाल्ला नाही," मिरी म्हणाली. "ते खोटं होतं. तुला माहितीये." शेवट सांगून मोकळं व्हायची वेळ हीच होती. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, आणि आताही केलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. "आता खरं. तर बाईंनी सगळ्यांना मागे केलं आणि शिपाईकाकांना हाक मारली. ते आले, पण हातोडी आणायला विसरले. मग ते हातोडी आणायला परत गेले. ते हळू चालतात ना, म्हणून खूप वेळ लागला. तोपर्यंत आम्ही सगळे कान लावून उभे होतो." आई ऐकत होती. शिपाईकाका लांबलचक व्हरांड्यातून गेले, आणि तिने त्यांना जाऊ दिलं. ते परत आले. कपाटापुढे मुलांच्या पायांत पाय अडकले, मिरीचा झगा कडीत गुंतला आणि टर्र झाला, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हातोडीचा पहिला घाव पडला. कुलूप हललं, निघालं नाही. दुसरा घाव. कपाटातून खर्र थांबलं आणि अगदी सामसूम झाली. "मग शिपाईकाका म्हणाले, आता सगळ्यांनी गप्प," मिरी कुजबुजत म्हणाली, आणि स्वतःही गप्प झाली, कारण गोष्टीत तिथे तसंच होतं. आईच्या उजव्या हाताच्या करंगळीत काहीतरी परतलं. मग अंगठ्यात. मग ओठ, आधी मुंग्या आल्यासारखे, मग तिचे स्वतःचे. पापण्या अजून उचलत नव्हत्या, पण तेवढी वाट बघणं तिच्याने शक्य नव्हतं.

"मग?" ती म्हणाली.

"सांगतेय ना," मिरी म्हणाली. "मधे मधे बोलू नकोस."